येशू ख्रिस्त आणि मुहंमद पैगंबर : तुलना करायची तर कशी?

ख्रिस्ती आणि इस्लाम या दोन धर्मांचे अनुयायी मिळून आज जगाच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक आहेत. तरीही या धर्मांच्या संस्थापकांची तुलना निघाली की ती बहुतेक वेळा दोन माणसांच्या स्वभावाची तुलना होऊन बसते. एकाने शत्रूवर प्रेम करायला सांगितले, दुसऱ्यांनी लढाया केल्या. एक अविवाहित राहिले, दुसऱ्यांनी संसार केला आणि राज्यही चालवले. अशा जोड्या लावत गेले की निकाल आधीच ठरलेला असतो, आणि तो बहुधा तुलना करणारा कोणत्या घरात जन्मला यावर अवलंबून असतो. ही पद्धत मला दोघांवरही अन्याय करणारी वाटते. दोन प्रश्न आधी विचारले तरच या तुलनेतून काही हाती लागते. हे दोघे ज्या प्रदेशात वावरले तिथे सत्ता कोणाची होती, हा पहिला. आणि त्यांच्या अनुयायांनी आपल्या श्रद्धेत त्यांना नेमकी कोणती जागा दिली, हा दुसरा.

येशूंचा जन्म इसवी सनापूर्वी ६ ते ४ या वर्षांत झाला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्यांच्या जन्मापासून सन मोजतात त्यांचाच जन्म सनापूर्वी कसा, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की ही कालगणना सहाव्या शतकात बसवली गेली आणि तिच्यात काही वर्षांची चूक राहिली; शुभवर्तमानांनुसार, म्हणजे बायबलमधल्या येशूंच्या चरित्रांनुसार, येशू जन्मले तेव्हा थोरला हेरोद राज्य करत होता, आणि तो इ. स. पू. ४ मध्ये वारला. येशू वाढले ते गालील प्रांतातल्या नासरेथ या लहानशा खेड्यात, सुतारकाम करणाऱ्या घरात. त्यांची भाषा अरामी होती. हा सगळा मुलूख रोमन साम्राज्याच्या टाचेखाली होता. गालीलवर हेरोदाचा मुलगा अंतिपास रोमचा मांडलिक म्हणून राज्य करत होता, तर यरुशलेम ज्या यहूदीयात येते त्या प्रांतावर इ. स. ६ पासून रोमने नेमलेला सुभेदार थेट कारभार पाहत होता.

या राजवटीचा हात किती जड होता, हे योसेफस या यहुदी इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. हेरोदाच्या मृत्यूनंतर ठिकठिकाणी बंडे उठली, तेव्हा सिरियाचा रोमन सुभेदार वारुस फौज घेऊन आला आणि त्याने सुमारे २००० लोकांना क्रुसावर चढवले. पुढे इ. स. ६ मध्ये कर लावण्यासाठी शिरगणती झाली, तेव्हा यहूदा नावाच्या गालीली माणसाने पुन्हा बंड पुकारले आणि तेही मोडले गेले. क्रूस ही शिक्षा मुख्यतः गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी होती. ती चव्हाट्यावर दिली जाई, म्हणजे पाहणाऱ्यांनी धडा घ्यावा. अशा मुलखात कोणी गावोगाव फिरून ‘देवाचे राज्य जवळ आले आहे’ असे सांगू लागला, तर त्याच्या मनात काय आहे याची चौकशी करत बसण्याइतकी सवड सत्तेला नसते.

मुहंमद पैगंबरांचे जग याच्या अगदी उलट होते. त्यांचा जन्म इ. स. ५७० च्या सुमारास मक्केत कुरैश जमातीच्या हाशिम कुळात झाला. उत्तरेला बायझंटाइन आणि पूर्वेला इराणचे ससानी ही दोन बलाढ्य साम्राज्ये एकमेकांशी झुंजत होती, पण मक्का ज्या हिजाझ प्रदेशात आहे तिथे त्यांच्यापैकी कोणाचीच सत्ता नव्हती. तिथे राजा नव्हता, न्यायालय नव्हते, कोतवालही नव्हता. माणसाचे रक्षण करायचे ते त्याच्या कुळाने; त्याचा खून झाला तर सूड घ्यायचा तोही कुळाने. ज्याच्या पाठीशी कूळ नाही त्याला कोणीही मारावे, विचारणारा कोणी नाही, अशी ती व्यवस्था होती.

त्या व्यवस्थेत पैगंबर पोरके म्हणून वाढले. वडील अब्दुल्ला त्यांच्या जन्मापूर्वीच वारले, आई आमिना ते सहा वर्षांचे असताना गेली, आजोबांचे छत्र दोनेक वर्षांत हरपले, आणि मग काका अबू तालिब यांनी त्यांना सांभाळले. पुढे खदीजा या विधवा व्यापारी स्त्रीच्या मालाची ने-आण करता करता त्यांचा तिच्याशी विवाह झाला, आणि ती हयात असेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षे, त्यांनी दुसरा विवाह केला नाही. इ. स. ६१० मध्ये, वयाच्या चाळिशीत, मक्केजवळच्या हिरा गुहेत त्यांना पहिला साक्षात्कार झाला, अशी इस्लामची श्रद्धा आहे. भेदरलेल्या अवस्थेत ते घरी आले आणि ‘मला पांघरूण घाला’ म्हणाले; त्यांना धीर दिला तो खदीजाने. इस्लामचा पहिला अनुयायी शोधायचा तर तो त्या घरातच सापडतो, आणि ती एक स्त्री आहे.

सुरुवातीच्या मक्की सूरांमध्ये, म्हणजे मक्केच्या काळातल्या कुराणाच्या अध्यायांमध्ये, जो आग्रह दिसतो तो येशूंच्या शिकवणीच्या फार जवळचा आहे. कुराणाच्या ९३ व्या सूरेत ईश्वर पैगंबरांना त्यांच्याच बालपणाची आठवण देतो: तू पोरका होतास, तुला आसरा दिला नाही काय? म्हणून पोरक्याला दडपू नकोस आणि मागायला आलेल्याला झिडकारू नकोस. इकडे लूकच्या शुभवर्तमानात येशू नासरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचा ग्रंथ उघडतात आणि दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, हे वचन वाचून दाखवतात. ईश्वर एकच आहे, माणसाला एक दिवस त्याच्यासमोर हिशेब द्यायचा आहे, आणि त्या हिशेबात दुबळ्याशी कसे वागलात हे पाहिले जाईल, हा गाभा दोघांच्याही बोलण्यात आहे. दोघेही स्वतःला अब्राहामाच्या, म्हणजेच इब्राहीमच्या, परंपरेतले मानतात. रोख मात्र थोडा वेगळा आहे. येशू नियमाच्या आत शिरून माणसाच्या अंतःकरणाकडे बोट दाखवतात. खून करू नको एवढे पुरेसे नाही, रागही धरू नको. शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही. पैगंबरांच्या मक्केतल्या हाकेत एकेश्वराचा आणि अंतिम निवाड्याचा इशारा अधिक ठळक आहे, कारण समोरचा समाज अनेक देवतांच्या मूर्ती पुजणारा होता आणि मेल्यानंतर काही असते हेच त्यातल्या अनेकांना मान्य नव्हते.

आता काळाचा हिशेब पाहिला पाहिजे, कारण सर्वसाधारण तुलनेत तो हमखास सुटतो. येशूंनी उघड उपदेश सुरू केला तेव्हा ते सुमारे तीस वर्षांचे होते, असे लूक सांगतो; तो उपदेश फार तर तीन वर्षे, काहींच्या मते एकच वर्ष चालला, आणि इ. स. ३० किंवा ३३ च्या सुमारास पिलात या रोमन सुभेदाराने त्यांना क्रुसावर चढवले. पैगंबरांना ६१० ते ६३२ अशी बावीस-तेवीस वर्षे मिळाली. त्यांतली पहिली बारा-तेरा वर्षे मक्केत गेली आणि ती छळाची होती. बिलाल या हबशी गुलामाला तापलेल्या वाळूत झोपवून छातीवर धोंडा ठेवला जाई. काही अनुयायांना समुद्र ओलांडून अबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) ख्रिस्ती राजाकडे आश्रय घ्यावा लागला. हाशिम कुळाशी सोयरीक आणि व्यापार बंद करण्यात आला. या काळात पैगंबरांनी शस्त्र उचलले नाही. ६१९ मध्ये खदीजा आणि अबू तालिब दोघेही वारले आणि कुळाचे कवच गळून पडले. त्यांचे आयुष्य त्याच वर्षी मारेकऱ्यांच्या हातून संपले असते, तर आज आपल्यासमोर जे चित्र असते ते छळ सोसणाऱ्या, नि:शस्त्र, गोरगरिबांना जवळ घेणाऱ्या उपदेशकाचे असते, आणि येशूंशी त्याचे साम्य पाहून लोक थक्क झाले असते. फरक पडला तो पुढे सत्ता हाती आल्यानंतरच्या दहा वर्षांनी. येशूंच्या वाट्याला ती दहा वर्षे आलीच नाहीत.

दोघांच्या आयुष्यातला एकेक प्रसंग शेजारी ठेवला तर सत्तेशी असलेले त्यांचे नाते अगदी जवळून दिसते. योगायोग असा की दोन्ही प्रसंगांत वाद आहे तो नावापुढे काय लिहायचे याचा.

पहिला प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानातला. वल्हांडण या यहुदी सणासाठी यरुशलेम यात्रेकरूंनी फुलून गेले आहे, आणि एरवी समुद्रकाठच्या कैसरियात राहणारा पिलात बंदोबस्तासाठी शहरात आला आहे. त्याच्यासमोर उभे केल्यावर येशू सांगतात, ‘माझे राज्य या जगाचे नाही.’ पिलात शिक्षा देतो आणि क्रुसावर लावायची पाटी लिहवून घेतो: नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा. ही पाटी इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत आहे, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला वाचता यावी म्हणून. मुख्य याजक तक्रार करतात की ‘यहुद्यांचा राजा’ असे लिहू नका, ‘मी यहुद्यांचा राजा आहे असे हा म्हणाला’ असे लिहा. पिलात उत्तर देतो, ‘मी जे लिहिले ते लिहिले.’ आरोपही तोच आहे आणि चेष्टाही तीच. ज्यांच्याबद्दल ते लिहिले जात आहे त्यांना त्यावर बोलण्याची सोय नाही. लेखणी पूर्णपणे साम्राज्याच्या हातात आहे.

दुसरा प्रसंग ६२८ चा, मक्केच्या वेशीजवळ हुदैबिया येथला. पैगंबर सुमारे दीड हजार अनुयायांसह यात्रेसाठी आले आहेत आणि कुरैशांनी त्यांना अडवले आहे. तहाची बोलणी करायला सुहैल इब्न अम्र आला आहे. मसुदा लिहिण्याचे काम पैगंबरांचे जावई अली यांच्याकडे आहे. ‘अल्लाहचे प्रेषित मुहंमद यांनी केलेला तह’ असे शब्द येताच सुहैल हात वर करतो: तुम्ही प्रेषित आहात हे मला मान्य असते तर मी तुमच्याशी लढलो असतो का? तुमचे आणि वडिलांचे नाव लिहा. पैगंबर अलींना ते शब्द खोडायला सांगतात. अली म्हणतात, माझ्या हातून ते होणार नाही. मग पैगंबर ते शब्द कुठे आहेत हे विचारून घेतात आणि स्वतःच्या हाताने पुसतात. खाली लिहिले जाते, ‘अब्दुल्लाचा मुलगा मुहंमद.’ तहातले एक कलम तर याहून कडू होते. मक्केतून पळून आलेल्याला परत पाठवायचे, असे ते कलम. तेवढ्यात सुहैलचाच मुलगा अबू जंदल, जो मुसलमान झाला होता, साखळदंड ओढत तिथे येऊन पोचला. शब्द दिलेला होता, त्यामुळे त्याला परत पाठवले गेले. उमर यांच्यासारखा निष्ठावंत साथीदारही त्या दिवशी अस्वस्थ होऊन प्रश्न विचारत फिरत होता.

येशूंच्या प्रसंगात नम्रता आहे ती सोसणाऱ्याची, आणि पैगंबरांच्या प्रसंगात नम्रता आहे ती करार करणाऱ्याची. दुसरी नम्रता दाखवायला आधी हाती काहीतरी असावे लागते: माणसे, वाटाघाटीची ताकद, आणि अनुयायांची नाराजी पत्करण्याचा अधिकार. हे सगळे पैगंबरांच्या हाती आले ते मदिनेत.

मदिनेचे जुने नाव यस्रिब. तिथल्या औस आणि खझरज या दोन अरब जमाती आपसांत लढून थकल्या होत्या, आणि त्यांना बाहेरचा, कोणाच्याही बाजूचा नसलेला पंच हवा होता. त्यांच्या बोलावण्यावरून ६२२ मध्ये पैगंबर तिकडे गेले. या स्थलांतराला हिजरत म्हणतात आणि मुस्लिम कालगणना तिथून सुरू होते. कालगणनेची ही निवड मला फार बोलकी वाटते. जन्म किंवा पहिला साक्षात्कार यांच्याऐवजी, श्रद्धाळूंचा समाज ज्या वर्षी उभा राहिला ते वर्ष आरंभ म्हणून धरले गेले. मदिनेत एक करारनामा झाला, ज्यात स्थलांतरित, स्थानिक मुसलमान आणि तिथल्या यहुदी जमाती यांची परस्परांबद्दलची कर्तव्ये लिहिली होती आणि तंटा उद्भवल्यास तो मुहंमदांकडे आणावा असे ठरले होते. बहुतेक इतिहासकार हा दस्तऐवज अस्सल मानतात.

म्हणजे जिथे राज्यच नव्हते तिथे ते उभारण्याचे काम पैगंबरांवर येऊन पडले. वारसा कसा वाटायचा, विधवांचे काय, गुलाम कसे सोडवायचे, कर्जावर व्याज घ्यायचे का, लढाईतल्या लुटीचे काय करायचे, या प्रश्नांची उत्तरे देण्याची जबाबदारी येशूंवर आली नाही, कारण ती देणारे रोमन आणि यहुदी कायदे तिथे होतेच. कैसराला, म्हणजे रोमन सम्राटाला, कर द्यावा का, असे विचारले गेले तेव्हा कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला द्या, असे येशू म्हणाले. ते उत्तर देता आले कारण कैसर होता. मदिनेत कैसर नव्हता. तिथे कर गोळा करणारे, तो वाटणारे, सैन्य उभे करणारे आणि तह करणारे पैगंबरच होते. ६२४ मध्ये बद्रला त्यांनी आपल्या तिप्पट कुरैशी फौजेचा पराभव केला. पुढच्याच वर्षी उहुदला ते स्वतः जखमी झाले, काका हमजा आणि सुमारे सत्तर साथीदार मारले गेले.

या दशकात आजच्या वाचकाला सहज पचणार नाहीत अशाही घटना आहेत आणि त्या झाकून तुलना करणे प्रामाणिक होणार नाही. मदिनेतल्या तीन मोठ्या यहुदी जमातींपैकी दोन हद्दपार झाल्या. तिसरीवर, म्हणजे बनू कुरैझावर, ६२७ मध्ये मदिनेला पडलेल्या वेढ्यात शत्रूशी संधान बांधल्याचा ठपका आला. तिच्या जुन्या मित्रजमातीतले सरदार साद इब्न मुआझ यांनी निवाडा दिला आणि तिच्या शेकडो पुरुषांना ठार करून बायकामुलांना गुलाम करण्यात आले, असे मुस्लिम चरित्रकारांनीच लिहिले आहे. त्या काळच्या युद्धनीतीत हे बसत होते, असे काही जण सांगतात. काही आधुनिक अभ्यासक या वृत्तांताच्या तपशिलावरच शंका घेतात. दोन्ही म्हणणी विचारात घेतली तरी प्रसंगाची तीव्रता कमी होत नाही. तीन वर्षांनी, ६३० मध्ये, मक्का हाती आली. ज्यांनी वीस वर्षे छळले तेच लोक समोर उभे होते, आणि पैगंबरांनी मोजके अपवाद सोडून सर्वांना अभय दिले. त्या वेळी त्यांनी यूसुफने आपल्या भावांना माफ करताना उच्चारलेले शब्द म्हटले: आज तुमच्यावर कसलाही दोष नाही. एकाच माणसाच्या चरित्रात या दोन्ही घटना आहेत, आणि दोन्ही वाचल्याशिवाय ते चरित्र वाचले असे होत नाही.

ख्रिस्ती परंपरेला हेच प्रश्न पडले, फक्त तीनशे वर्षांनी. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात छळ थांबला, ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने ख्रिस्ती श्रद्धेला साम्राज्याचा अधिकृत धर्म केले, आणि ३८५ मध्येच प्रिसिलियन नावाच्या एका ख्रिस्ती धर्मगुरूला पाखंडाच्या वादातून ट्रायर येथे मृत्युदंड दिला गेला. पुढे धर्मयुद्धे झाली, आणि १५६० पासून गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालय (इन्क्विझिशन) बसले. त्याच्या आठवणी कोकणच्या किनाऱ्यावर अजून पुसलेल्या नाहीत. यातले काहीही येशूंच्या हातून घडले नाही, ही गोष्ट खरी आणि महत्त्वाची आहे. पण त्यामुळे एक अडचणही निर्माण झाली: राज्य हाती आले तेव्हा ते कसे चालवावे याचा नमुना ख्रिस्ती माणसाला आपल्या संस्थापकांच्या आयुष्यात सापडेना. युद्ध कधी न्याय्य, यावर संत ऑगस्टीन यांना वेगळा विचार मांडावा लागला तो यामुळेच. मुस्लिम माणसाला तो नमुना सापडतो, आणि त्याची अडचण वेगळी आहे: सातव्या शतकातल्या मदिनेत घेतलेल्या निर्णयांपैकी कोणते त्या वेळेपुरते आणि कोणते कायमचे, हे ठरवायचे कसे? इस्लामी न्यायशास्त्राच्या वेगवेगळ्या शाखा याच प्रश्नाशी शतकानुशतके झगडत आल्या आहेत.

मृत्यूच्या क्षणी दोघांनी मागे काय ठेवले, हेही पाहण्यासारखे आहे. येशू यहुदी म्हणून जन्मले आणि यहुदी म्हणूनच गेले. त्यांनी मंदिरातले सण पाळले, सभास्थानात उपदेश केला. क्रुसावर चढवले गेले तेव्हा त्यांच्या मागे घाबरून पांगलेले शिष्य होते आणि त्यांच्याजवळ थांबलेल्या काही स्त्रिया होत्या. त्यांनी लिहिलेली एक ओळही नव्हती. पुनरुत्थित येशूंचे दर्शन झाले, या शिष्यांच्या खात्रीतून तो समूह पुन्हा उभा राहिला. मग पौल आले, ज्यांनी येशूंना हयातीत कधी पाहिले नव्हते आणि जे आधी या पंथाचा छळ करत होते. यहुदी नसलेल्यांना सुंतेची अट न घालता या श्रद्धेत घ्यावे का, यावर इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेममध्ये येशूंचे भाऊ याकोब, पेत्र आणि पौल यांची बैठक झाली आणि दार उघडले गेले. त्यामुळे ख्रिस्ती धर्माचे खरे संस्थापक पौलच, असे काही जण म्हणतात. मला ते टोकाचे वाटते, कारण पौल ज्या श्रद्धेचा प्रसार करत होते ती त्यांच्या आधीच यरुशलेममध्ये जिवंत होती. तरी एवढे खरे की वेगळा धर्म म्हणून तिची घडण येशूंच्या नंतर, अनेक हातांनी झाली. याउलट पैगंबर ६३२ मध्ये मदिनेत वारले तेव्हा नमाज, रोजा, जकात, हज आणि मक्केच्या दिशेने तोंड करण्याची रीत हे सगळे ठरलेले होते. ठरले नव्हते ते एकच: पुढचा प्रमुख कोण? शिया आणि सुन्नी ही फूट त्या एका प्रश्नातून आली. ख्रिस्ती धर्मातले पहिले मोठे वाद मात्र येशू कोण होते, या प्रश्नावर झाले.

तुलना सर्वांत जास्त चुकते ती इथे. येशू कोण, हा प्रश्न ३२५ मध्ये निकीया येथील परिषदेत आणि पुन्हा ४५१ मध्ये खाल्किदोन येथे ऐरणीवर आला, आणि ते पूर्ण देव आणि पूर्ण मानव आहेत असे सूत्र ठरले. देवाचा शब्द माणूस होऊन आला, तो शब्द म्हणजे स्वतः येशू, ही ख्रिस्ती श्रद्धा आहे. बायबल त्यांच्याबद्दल साक्ष देते. इस्लाममध्ये देवाचा शब्द म्हणजे कुराण, आणि पैगंबर हे तो शब्द माणसांपर्यंत पोचवणारे निखळ मानव. म्हणून येशूंच्या समोर मुहंमदांना आणि बायबलच्या समोर कुराणाला ठेवणे वरवर बरोबर दिसले तरी दोन्ही धर्मांच्या आतून पाहता ते जुळत नाही. येशूंना ख्रिस्ती श्रद्धेत जी जागा आहे तिच्या सर्वांत जवळची जागा इस्लाममध्ये कुराणाला आहे. कुराणाचा अवमान मुस्लिम मनाला का इतका खोलवर लागतो, आणि बायबलच्या पाठभेदांची चर्चा ख्रिस्ती विद्यापीठांत त्या मानाने निवांतपणे का होऊ शकते, हे यावरून समजते.

पैगंबर वारले त्या दिवशी उमर शोकाने इतके बेभान झाले की ते मेलेच नाहीत, असे लोकांना बजावू लागले. तेव्हा पैगंबरांचे जवळचे साथीदार अबू बक्र उभे राहिले आणि म्हणाले: जो मुहंमदांची उपासना करत होता त्याने जाणावे की मुहंमद वारले, जो अल्लाहची उपासना करतो त्याने जाणावे की अल्लाह जिवंत आहे आणि त्याला मरण नाही. एखाद्या धर्माने आपल्या संस्थापकांची मर्यादा त्यांच्या मृत्यूच्या दिवशीच इतक्या स्पष्ट शब्दांत आखल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. ख्रिस्ती धर्माचा आरंभ नेमका याच्या उलट, मरण पावलेले जिवंत आहेत या घोषणेतून होतो. हा भेद कोणाच्या मोठेपणाचा नाही. दोन वेगळ्या श्रद्धांचा तो पाया आहे. उपासना नसली तरी अनुकरण मात्र इस्लाममध्ये पैगंबरांचेच होते. ते कसे जेवत, कसे झोपत, शेजाऱ्याशी कसे वागत, याच्या बारीकसारीक नोंदी हदीस म्हणून जपल्या गेल्या, त्या यासाठी.

या नोंदी आपल्यापर्यंत कशा आल्या? मराठी वाचकाला याची कल्पना लीळाचरित्रावरून येईल: चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी अनुयायांच्या आठवणी गोळा करून ते चरित्र रचले. येशूंबद्दलचे सर्वांत जुने लेखन म्हणजे पौलांची पत्रे, साधारण इ. स. ५० ते ६० च्या दरम्यानची. मार्कचे शुभवर्तमान ७० च्या सुमाराचे, मत्तय आणि लूक त्यानंतरचे, योहान शतकाच्या अखेरचे. ही सगळी ग्रीक भाषेत आहेत, म्हणजे येशूंच्या अरामी बोलण्याचे रूप त्यांत आधीच पालटलेले आहे. बाहेरचे पुरावे थोडे पण भक्कम आहेत. योसेफस त्यांचा उल्लेख करतो, आणि टॅसिटस हा रोमन इतिहासकार पिलाताने त्यांना देहदंड दिल्याचे नोंदवतो. मुहंमद पैगंबरांच्या बाबतीत कुराणाचा अधिकृत संग्रह तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात, ६५० च्या आसपास, म्हणजे वीस वर्षांच्या आत झाला. पण कुराणात त्यांच्या आयुष्याची सलग हकिगत जवळजवळ नाही. ती सांगणारे पहिले मोठे चरित्रकार इब्न इसहाक ७६७ च्या सुमारास वारले, आणि त्यांचे लेखनही आपल्याला मुख्यतः इब्न हिशाम यांनी केलेल्या संपादनातून मिळते. त्यामुळे येशूंच्या चरित्रात साधने काळाने जवळ पण त्रोटक, आणि पैगंबरांच्या चरित्रात साधने विपुल पण उशिराची, अशी स्थिती आहे. वर सांगितलेले दोन्ही प्रसंग, पाटीचा आणि तहाचा, या मर्यादेसह वाचायचे आहेत.

शेवटी एक विषमता उरते, आणि ती काळाच्या क्रमामुळे आहे. इस्लाम नंतर आला, म्हणून त्याला येशूंबद्दल भूमिका घ्यावीच लागली, आणि ती त्याने आदराची घेतली. कुराणात ईसा हे मोठे प्रेषित आहेत, मसीहा आहेत, कुमारी मरियमचे पुत्र आहेत. १९ वी सूरा मरियमच्या नावाची आहे, आणि कुराणात नावाने उल्लेख झालेली ती एकमेव स्त्री आहे. ईसांचे नाव कुराणात मुहंमदांच्या नावापेक्षा कितीतरी अधिक वेळा येते. मात्र ते ईश्वराचे पुत्र नाहीत आणि त्यांना क्रुसावर मारले गेले नाही, असेही कुराण स्पष्ट सांगते, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचे दोन मुख्य खांब ते नाकारते. उलट बाजूला नवा करार मुहंमदांच्या जन्माच्या कितीतरी आधी पूर्ण झालेला होता, त्यामुळे ख्रिस्ती माणसाला पैगंबरांबद्दल काय मानावे हे त्याच्या ग्रंथातून कळत नाही. आठव्या शतकात दमास्कसचे योहान या धर्मपंडितांनी इस्लामला ख्रिस्ती धर्मातलेच एक पाखंड ठरवले, आणि मध्ययुगीन युरोपात पैगंबरांची प्रतिमा त्याहून विद्रूप केली गेली. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आपल्या जाहीरनाम्यात मुसलमानांबद्दल चर्चला आदर वाटतो असे म्हटले. ते एकाच ईश्वराची उपासना करतात, येशूंना प्रेषित मानून मान देतात आणि मरियमचा गौरव करतात, हेही त्यात आले. त्या जाहीरनाम्यात मुहंमदांचे नाव मात्र नाही.